फुफ्फुसाचा कॅन्सर आणि टार्गेटेड गोळ्या: अहवालाची वाट बघायची की नाही?

रानजाई (धागाकर्ती)

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. काल ओळखीच्या एका घरून फोन आला आणि आज लिहायलाच बसले. त्यांच्याकडे वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय, बायोप्सी झालीय, आणि सगळ्या नातेवाइकांचा एकच धोशा चाललाय: आजच्या आज औषध सुरू करा. सव्वादोन वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच चाललं होतं, आणि डॉक्टरांशी भांडण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते.

आई तेव्हा ६१ वर्षांची. विडी-सिगारेटला तिने कधी हात लावलेला नाही, घरातही कोणी ओढणारं नाही. तीन महिने कोरडा खोकला, ॲलर्जी समजून औषधं झाली. मग जिना चढताना धाप लागायला लागली. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी दिसलं. पाणी काढून तपासलं तर ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. पेट स्कॅनमध्ये मणक्यातही दोन ठिकाणी दिसला. म्हणजे चौथी स्टेज.

डॉक्टर म्हणाले, "जनुकांचा अहवाल यायला दोन आठवडे लागतील. आईंची तब्येत तेवढी थांबू शकते. आपण थांबू." मला ते अजिबात पटलं नाही. आत रोग वाढतोय आणि हे कागदाची वाट बघतायत, असंच वाटत होतं. त्यांनी शांतपणे एक वाक्य सांगितलं ते मी विसरलेले नाही: "तुमच्या आईला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे हे मला कळलंय. कोणता फुफ्फुसाचा कॅन्सर आहे ते अजून कळलेलं नाही."

पंधराव्या दिवशी अहवाल आला. ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे त्या जनुकाचा एक छोटा तुकडा गळालेला. दुसऱ्या दिवसापासून ऑसिमर्टिनिब ८० मिलिग्रॅम, रोज एक गोळी. दहाव्या दिवशी आई रात्रभर न खोकता झोपली आणि मी मात्र जागी राहिले, कारण तिचा खोकला ऐकू येत नव्हता म्हणून तीनदा उठून श्वास चालू आहे ना ते बघून आले. आज २६ महिने झाले. तीच गोळी चालू आहे.

ईजीएफआर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते आत कळवतं आणि पेशी विभागते. घराच्या बेलसारखं: बटण दाबलं की वाजते, सोडलं की थांबते. जनुकात ठरावीक बदल झाला की बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकून बसतं. बाहेर कोणी नसताना बेल वाजत राहते, पेशी वाढत राहतात. या प्रथिनाला ज्या खाचेतून ऊर्जा मिळते, नेमकी तीच खाच ही गोळी अडवते. म्हणून हिला टार्गेटेड म्हणतात.

यातली पहिली गोळी जेफिटिनिब. जपानमध्ये २००२ साली आणि अमेरिकेत २००३ साली तिला मान्यता मिळाली तेव्हा ती कोणाला लागू पडेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पाश्चात्त्य देशांत दहातल्या एखाद्या रुग्णाच्या गाठी झपाट्याने आकसायच्या, उरलेल्यांत काहीच नाही. २००४ मध्ये बॉस्टनमधल्या दोन गटांनी कोडं सोडवलं: ज्यांना गुण येत होता त्यांच्या गाठीतलं ईजीएफआर जनुक बदललेलं होतं. मग २००९ मध्ये आयपास नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. पूर्व आशियातले १,२१७ रुग्ण, निम्म्यांना गोळी, निम्म्यांना केमो. जनुकात बदल असलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांच्या गाठी गोळीने आकसल्या, केमोने ४७ टक्क्यांच्या. आणि बदल नसलेल्यांत? गोळीने जेमतेम १ टक्का, केमोने २३ टक्के.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याचे मोलाचे महिने वाया घालवते, आणि दोघांच्या फाईलवर निदान एकच लिहिलेलं असतं.

इथे या क्षेत्रातले लोक आहेत हे मला माहीत आहे. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा. ज्यांच्या घरी हे सुरू आहे त्यांनी मोकळेपणाने विचारा.

अबोली

वाचनखूण साठवली. माझ्या बाबांचंच चाललंय सध्या, म्हणून विचारते. बाबा ७४ वर्षांचे, चाळीस वर्षं सिगारेट ओढली, दहा वर्षांपूर्वी सोडली. बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा आलाय, यकृतात एक गाठ आहे. पीडी-एल-वन (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) ८० टक्के आलं आणि त्यावरून इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती गाठीविरुद्ध जागी करणारं औषध) सुरू करायचं ठरतंय, पुढच्या सोमवारी. जनुकांच्या तपासणीचं विचारलं तर एका नातेवाइकांनी सांगितलं की ती सिगारेट न ओढणाऱ्यांसाठी असते. खरं आहे का हे?

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अबोली, आधी तुमचं उत्तर: नाही, हे खरं नाही. धूम्रपान न केलेल्यांत ईजीएफआर, एएलके, रॉस-वन या जनुकांतले बदल जास्त सापडतात हे बरोबर. पण ओढणाऱ्यांत ते सापडतच नाहीत असं नाही, आणि काही बदल ओढणाऱ्यांतच जास्त असतात. केआरएएस जनुकातला जी१२सी हा त्यातला ठळक. मेट जनुकाच्या एक्झॉन १४ मधला बदल तर मुख्यतः वयस्कर माणसांत सापडतो, ओढणाऱ्यांतही आणि न ओढणाऱ्यांतही. ॲडिनोकार्सिनोमा पसरलेला असेल तर तपासणी करायची. सिगारेट, वय, स्त्री-पुरुष यांवरून रुग्ण गाळायचे नाहीत.

आता धाग्याच्या विषयाबद्दल. अहवालाची वाट सगळे बघतात, पण अहवाल ज्यातून निघतो त्या तुकड्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

बायोप्सीत सुईने निघालेला तुकडा शेवईएवढा बारीक असतो. तो फॉर्मालिनमध्ये टाकतात, साधारण ६ ते ७२ तास. त्याहून कमी किंवा जास्त राहिला तर आतला डीएनए आणि प्रथिनं बिघडतात. मग तो मेणात बसवतात. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो: प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार डबीवर बसवलेली मेणाची वडी आणि तिच्यात पांढुरका ठिपका. तो ठिपका म्हणजे तुमचा माणूस.

ब्लॉकमधून चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात. ब्लॉक मशीनवर दर वेळी नव्याने लावला की पृष्ठभाग सपाट करण्यासाठी वरचे काही काप फेकावे लागतात. आज एक रंगद्रव्य लावलं, परवा दुसरं, पुढच्या आठवड्यात तिसरं, असं करत गेलं की महत्त्वाच्या तपासणीची वेळ येईपर्यंत मेणच उरतं. हे मी अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. म्हणून पहिल्याच बैठकीत जनुकांच्या तपासणीसाठीचे न रंगवलेले काप एकदम काढून ठेवायचे. हे करायला प्रयोगशाळेला फार कष्ट नाहीत, फक्त आधी कोणीतरी सांगायला हवं. बायोप्सीच्या मागणीपत्रावर "जनुकांच्या तपासणीसाठी टिश्यू राखावा" ही ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणखी एक. तुकडा हाडातून घेतला असेल तर तो कापण्याआधी मऊ करावा लागतो. त्यासाठी तीव्र आम्ल वापरलं की डीएनएची वाट लागते. ईडीटीए हे सौम्य रसायन वापरलं तर बहुतेक वेळा वाचतो. त्यामुळे निवडीला वाव असेल तर हाडाऐवजी दुसऱ्या जागेचा तुकडा बरा. रानजाईंच्या आईंसारखं छातीतलं पाणी असेल तर तेही टाकून द्यायचं नसतं. त्यातल्या पेशी गोळा करून ब्लॉक बनवता येतो आणि तो उत्तम चालतो.

अबोली, तुमच्या बाबांचा ब्लॉक जिथे बायोप्सी झाली तिथल्या पॅथॉलॉजी विभागात असणार. आजच विचारा, त्यात किती गाठ शिल्लक आहे. आणि तपासणी डीएनए आणि आरएनए दोन्हींची होतेय का तेही विचारा. दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली गेली असतील, किंवा मेट एक्झॉन १४ सारखं काही असेल, तर नुसत्या डीएनएच्या तपासणीतून ते निसटू शकतं.

पारवा

मी कॅन्सर रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. धागा उत्तम. पण "थांबा" हा सल्ला सरसकट देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रानजाईंची आई दोन आठवडे थांबू शकत होती. माझ्याकडे असेही रुग्ण येतात ज्यांना दोन वाक्यं बोलताना दम लागतो. श्वासनलिका दाबली गेलीय, झपाट्याने वजन उतरलंय. त्यांना पंधरा दिवस थांबवलं तर अहवाल येईल, पण घ्यायला माणूस नसेल.

रानजाई

पारवा, तुमचं म्हणणं योग्य आहे आणि माझ्या लेखात ते यायला हवं होतं. मग अशा वेळी काय करता?

पारवा

दोन गोष्टी. पहिली, रक्तातून तपासणी. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात, ते शोधता येतात. ईजीएफआरसाठी अशी पहिली चाचणी अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झाली, आणि २०२० पासून एकाच वेळी अनेक जनुकं बघणाऱ्या चाचण्याही मान्य आहेत. सहसा टिश्यूपेक्षा लवकर उत्तर मिळतं. पण हे पक्कं लक्षात ठेवा: रक्तात बदल सापडला तर त्यावर भरवसा ठेवून औषध देता येतं. सापडला नाही तर "बदल नाही" असा अर्थ होत नाही. गाठ रक्तात पुरेसा डीएनए सोडत नसेल एवढाच अर्थ असू शकतो. तेव्हा टिश्यूचा अहवाल बघावाच लागतो.

दुसरी गोष्ट अबोलींसाठी फार महत्त्वाची. थांबणं शक्यच नसेल तर केमोची एक फेरी देता येते, इम्युनोथेरपी न जोडता. पीडी-एल-वन ८० टक्के आलं की इम्युनोथेरपीचा मोह होणं साहजिक आहे, आणि जनुकात असा बदल नसेल तर ती फार चांगली लागू पडते. पण ईजीएफआर किंवा एएलकेचा बदल असलेल्या गाठीत पीडी-एल-वन कितीही जास्त असलं तरी तिचा उपयोग अगदी थोडा होतो. शिवाय तिचा असर शरीरात कित्येक आठवडे, महिने राहतो. नंतर ईजीएफआरचा अहवाल आला आणि ऑसिमर्टिनिब सुरू केलं तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इम्युनोथेरपीनंतर ऑसिमर्टिनिब घेतलेल्या ४१ पैकी ६ जणांना गंभीर दुष्परिणाम झाले. उलट क्रमाने दिलं की हा प्रश्न तसा येत नाही. क्रम चुकला की दोन्ही औषधं चांगली असूनही रुग्णाला त्रास होतो.

अबोली, तुमच्या डॉक्टरांवर अविश्वास दाखवायचा नाही. एवढंच विचारा: "सोमवारच्या आधी रक्ताची तपासणी पाठवता येईल का? आणि अहवाल येईपर्यंत इम्युनोथेरपी पुढे ढकलली तर बाबांना धोका आहे का?" हा प्रश्न कोणत्याही चांगल्या डॉक्टरला आवडेल.

अबोली

खूप खूप आभार दोघांचे. उद्या सकाळीच जाते.

शोधयात्री

संशोधनाच्या बाजूने थोडं. इथे सगळे ईजीएफआरबद्दल बोलतायत, पण एएलकेची गोष्ट मला जास्त थक्क करते. ईएमएल४ आणि एएलके ही दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर असतात. तो तुकडा तुटून उलटा बसतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. हे जपानमधल्या हिरोयुकी मानो यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं. क्रिझोटिनिब नावाचं औषध तेव्हा मेटसाठी तयार होतंच. ते एएलकेलाही अडवतं हे माहीत असल्यामुळे लगेच रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. शोधापासून गोळीपर्यंत चार वर्षं! त्यानंतर अलेक्टिनिब आलं, लॉरलॅटिनिब आलं. क्राउन या चाचणीत पाच वर्षांनंतर लॉरलॅटिनिब घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांचा रोग वाढलेला नव्हता. क्रिझोटिनिबवर हे प्रमाण ८ टक्के होतं. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये असा आकडा मी विद्यार्थी होतो तेव्हा कोणी उच्चारलाही नसता.

केआरएएसची गोष्ट याच्या अगदी उलट. माणसाच्या गाठीत हे जनुक १९८२ मध्ये सापडलं. तीस वर्षं सगळे म्हणत राहिले की यावर औषध होऊच शकत नाही: प्रथिन गुळगुळीत, औषधाला पकडायला खाच नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केव्हन शोकात यांच्या गटाने जी१२सी या एका प्रकारात छोटासा कप्पा शोधला. बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी सिस्टीन आलेलं असतं. सिस्टीनमधल्या गंधकाला औषध कायमचं चिकटतं आणि प्रथिन बंद अवस्थेत अडकून पडतं. २०२१ मध्ये सोटोरासिब, २०२२ मध्ये अडाग्रासिब.

पण इथे आशा मापात ठेवायला हवी. डोसिटॅक्सेल या केमोशी तुलना केली तेव्हा सोटोरासिबवर रोग ५.६ महिने थांबला, केमोवर ४.५ महिने, आणि एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. गोळी आहे, त्रास कमी आहे, पण एएलकेसारखा चमत्कार नाही. "टार्गेटेड" हा शब्द एकच असला तरी प्रत्येक जनुकाचं फळ वेगळं आहे. रेट जनुकासाठी सेलपरकॅटिनिब, ब्राफसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिबची जोडी, एनट्रकसाठी लॅरोट्रेक्टिनिब, हर-टूसाठी ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकान. यादी वाढतेय. पण आपल्या अहवालात जे नाव असेल त्याचेच आकडे बघावेत, दुसऱ्याच्या जनुकाचे नाहीत.

दीपमाळ

शोधयात्रींच्या त्या ६० टक्क्यांच्या वाटेवर माझे यजमान आहेत, म्हणून लिहिते. एएलके, लॉरलॅटिनिब, चार वर्षं पूर्ण झाली. मेंदूत तीन ठिपके होते, पहिल्या सहा महिन्यांत दिसेनासे झाले.

पण त्या आकड्यामागचं रोजचं जगणंही सांगायला हवं. दुसऱ्या महिन्यात ते बोलता बोलता शब्द विसरायला लागले. किल्ली हातात धरून "ते... ते लावायचं" म्हणत उभे राहायचे. मुलावर कधी आवाज न चढवणारा माणूस क्षुल्लक गोष्टीवरून ओरडायचा आणि पाच मिनिटांनी रडायचा. मला वाटलं आजार मेंदूत वाढतोय. एमआरआय स्वच्छ होता. मग डॉक्टरांनी सांगितलं की हा औषधाचाच परिणाम आहे, कारण हे औषध मेंदूत चांगलं पोहोचतं. १०० मिलिग्रॅमवरून डोस ७५ वर आणला आणि तीन आठवड्यांत माझा माणूस मला परत मिळाला. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड खूप वाढतात, त्यासाठी वेगळी गोळी कायमची आहे. वजन वाढलं, पायाला सूज असते.

हे आधी सांगितलं असतं तर ते दोन महिने मी इतकी घाबरले नसते. म्हणून औषध सुरू होतानाच घरच्यांनी विचारावं: स्वभाव, झोप, बोलणं यांवर परिणाम होतो का? रुग्णाला स्वतःला हे बदल कळत नाहीत. घरच्यांनाच कळतात.

रानजाई

दीपमाळ, तुमचा प्रतिसाद वाचून घशाशी आवंढा आला. बरं झालं लिहिलंत.

आईचे अनुभव वेगळे आहेत, तेही नोंदवून ठेवते. पहिल्या महिन्यात नाक-गालांवर मुरमांसारखं पुरळ, तिसऱ्या महिन्यापासून नखांचा त्रास. नखाच्या कडेचं मांस सुजून लाल होतं, फाटतं, शर्टाचं बटण लावतानाही कळ येते. रोज कोमट पाण्यात बोटं बुडवून कोरडी करायची, जाडसर मलम चोळायचं, नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत, भांडी-धुण्याला हातमोजे. एवढ्याने निम्मा त्रास गेला. पातळ शौचाची गोळी घरात कायम. आणि नवा कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, कारण क्वचित या गोळ्यांनी फुफ्फुसालाच सूज येते.

दुसरी औषधं लपवू नका. जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांबरोबर नीट शोषली जात नाहीत. ऑसिमर्टिनिबला तो प्रश्न नाही. आणि कोणी प्रेमाने आणून दिलेली पूड, काढा, वनस्पतींचे अर्क डॉक्टरांना दाखवल्याशिवाय द्यायचे नाहीत. यकृतात औषध कमी-जास्त वेगाने मोडलं जातं आणि रक्तातली पातळी बिघडते.

किनारा

माझा प्रश्न कोणाला विचारवत नाही म्हणून इथे विचारतो. ताईला ईजीएफआर, एल८५८आर (त्याच जनुकातला दुसरा एक बदल). ऑसिमर्टिनिबवर १९ महिने छान गेले. परवाच्या स्कॅनमध्ये यकृतात दोन नव्या गाठी. नेटवर वाचलं की सरासरी १८.९ महिनेच असते. म्हणजे मुदत संपली का?

पारवा

किनारा, नाही. आधी त्या आकड्याबद्दल. ऑसिमर्टिनिबच्या फ्लॉरा चाचणीतला १८.९ हा मध्यक आहे. म्हणजे त्या वेळेपर्यंत निम्म्या लोकांत रोग वाढला होता आणि निम्म्यांत नव्हता. त्या निम्म्यांतले काही पुढे कित्येक वर्षं गेले. तो आकडा म्हणजे औषधाच्या डबीवरची शेवटची तारीख नव्हे.

दुसरं, रोग वाढला म्हणजे सगळीकडे वाढला का ते बघायचं. एक-दोन ठिकाणीच वाढला असेल आणि बाकी सगळं शांत असेल तर तेवढ्या जागेला रेडिएशन देऊन तीच गोळी चालू ठेवता येते. कधी कधी यात बरेच महिने निघतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: नव्या गाठीची बायोप्सी. पहिल्या पिढीच्या (जेफिटिनिब, एर्लोटिनिब) गोळ्यांवर निम्म्याहून जास्त रुग्णांत टी७९०एम नावाचा बदल येऊन औषध निकामी व्हायचं. ऑसिमर्टिनिब बनलं ते त्यावरच. आता ऑसिमर्टिनिबवर वाटा वेगळ्या आहेत. कधी मेट जनुकाच्या प्रती वाढतात. कधी सी७९७एस होतो, म्हणजे ज्या सिस्टीनला गोळी चिकटते तेच बदलतं. आणि थोड्या रुग्णांत गाठ रूप पालटून स्मॉल सेल कॅन्सर होते, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा वेगळाच प्रकार. तिचे उपचार पूर्ण वेगळे आहेत आणि हे रक्ताच्या तपासणीत कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. म्हणून जुन्या अहवालावर पुढचा उपचार ठरवू नये.

काचपट्टी

पारवा यांना पूर्ण अनुमोदन. यकृतातली गाठ सुईच्या आवाक्यात असते बहुधा. मागणीपत्रावर "ऑसिमर्टिनिब चालू असताना वाढलेली गाठ" असं लिहायला सांगा. ते वाचलं की आम्ही स्मॉल सेलचा विचार आधीच करतो आणि काप जपून वापरतो. नुसतं "यकृतात गाठ" एवढंच लिहून आलं की दहा निरुपयोगी रंगद्रव्यांत टिश्यू संपतो.

शोधयात्री

किनारा, पर्यायही वाढतायत. केमो आहेच. अमिव्हँटामॅब हे ईजीएफआर आणि मेट दोन्हींना धरणारं प्रतिपिंड आहे, ते ऑसिमर्टिनिबनंतर केमोबरोबर दिलं जातं.

नव्याने निदान झालेल्यांसाठी चित्र अजून बदललंय. फ्लॉरा-२ मध्ये ऑसिमर्टिनिबला सुरुवातीपासून केमोची जोड दिली तेव्हा आयुष्याचा मध्यक ३७.६ महिन्यांवरून ४७.५ महिन्यांवर गेला. अमिव्हँटामॅब आणि लेझर्टिनिब (हीही ईजीएफआरचीच गोळी) यांची जोडीही २०२४ पासून पहिल्या उपचारासाठी मान्य आहे, पण तिच्यात पुरळ जास्त आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मोठा, म्हणून पहिले चार महिने रक्त पातळ करणारं औषध सोबत द्यायला सांगतात. जास्त औषध म्हणजे जास्त त्रासही. पंचाहत्तरीच्या माणसाला आणि चाळिशीच्या माणसाला एकच उत्तर असणार नाही.

आणि एक मुद्दा धाग्यात राहून गेला. हे सगळं चौथ्या स्टेजपुरतं नाही. ऑपरेशन होऊन गाठ पूर्ण निघालेल्या ईजीएफआरच्या रुग्णांना तीन वर्षं ऑसिमर्टिनिब दिलं, त्या अडॉरा चाचणीत पाच वर्षांनी ८८ टक्के लोक हयात होते, गोळी न घेतलेल्यांत ७८ टक्के. एएलकेसाठी ऑपरेशननंतर अलेक्टिनिब २०२४ पासून मान्य आहे. म्हणजे ऑपरेशन यशस्वी झालं तरी काढलेल्या गाठीची जनुकं तपासून घ्यायची. "निघाली ना गाठ, आता कशाला" असं म्हणून तो ब्लॉक कपाटात पडून राहतो.

किनारा

ताईची बायोप्सी गुरुवारी ठरली. मागणीपत्रावर काचपट्टींनी सांगितलेली ओळ लिहून घेतली. आज पहिल्यांदा नीट जेवलो.

अबोली

तीन आठवड्यांनी परत आलेय. रक्ताची तपासणी पाठवली होती, त्यात काहीच सापडलं नाही. मी खचलेच होते, पण पारवांचं वाक्य आठवलं आणि टिश्यूचा अहवाल येऊ दे म्हणून आग्रह धरला. डॉक्टरांनीही ऐकून घेतलं. बाबांची प्रकृती स्थिर होती म्हणून इम्युनोथेरपी पुढे ढकलली. ब्लॉकमध्ये अगदी थोडी गाठ उरली होती. तिथल्या बाईंनी सगळे काप एकाच बैठकीत काढून दिले.

अहवाल आला. मेट एक्झॉन १४. आरएनएच्या तपासणीत सापडला, डीएनएमध्ये नव्हता. काल त्यावरचं टेपोटिनिब सुरू झालं, ४५० मिलिग्रॅम, रोज जेवणाबरोबर एकदा. डॉक्टर म्हणाले, पायाला सूज येईल. अजून काय लक्ष ठेवू?

दीपमाळ

अबोली, वाचून फार बरं वाटलं. सुजेबद्दल मी सांगते, आमच्याकडे ती रोजची आहे. सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली सोडायच्या आधी, घोट्याच्या वर फिता लावून माप घ्या आणि वहीत लिहा. बसलेले असताना पाय स्टुलावर वर. पायमोजे डॉक्टरांना विचारून त्यांनी सांगितलेल्या दाबाचेच घ्या. जोडे एक माप मोठे. एकाच पायाला सूज आली, दुखायला लागला किंवा गरम लागला तर मात्र ती औषधाची सूज समजू नका, लगेच दाखवा, गुठळी असू शकते. आणि माप आजच घेऊन ठेवा, सूज यायच्या आधीचं, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

अबोली

आत्ताच घेतलं. उजवा २३, डावा साडेबावीस सेंटिमीटर. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.